तुमच्या नावावरचं वाक्य

बाई, पोलादपूरच्या आपल्या शाळेच्या पायऱ्या चढून गेलं की उजव्या हाताला कार्यालयाची भिंत लागते. त्या भिंतीवर दोन वर्षं निळ्या रंगात एक वाक्य होतं, ‘पेरणाऱ्याचा दोष नसतो, खडकावर काहीच उगवत नाही.’ खाली तुमचं नाव आणि नावाआधी ‘कै.’. तुम्ही कैलासाला कशाला जाल, हे रंगवणाऱ्याच्या लक्षात आलं नाही, मुख्याध्यापकांच्या नाही आणि माझ्याही नाही. ते वाक्य शाळेला मी दिलं होतं. ते तुमचं नव्हतं. एवढंच सांगायला आज बसलोय. तुम्ही जाऊन वीस वर्षं होत आली, आता हे तुम्हाला सांगायला काही धैर्य लागत नाही, तेही कळतंय मला.

मी कोण ते आधी सांगतो, तुमच्या हाताखालून कितीतरी मुलं गेली. कचेरीतल्या अव्वल कारकुनांचा मुलगा, पहिल्या बाकावरचा, ज्याचे निबंध तुम्ही दुसऱ्या तुकडीत नेऊन वाचून दाखवायचात. तुम्ही नगरकडून नोकरीसाठी आलात तेव्हा मी आठवीत होतो. बाजाराच्या मागे दोन खोल्यांत तुम्ही आणि तुमच्या आई राहायचात. गावात तुमच्या धर्माचं दुसरं घर असलं तर मला ते माहीत नव्हतं. आमच्या घरी तुमचं नाव निघालं की वडील म्हणायचे, ‘बाई ख्रिस्ती आहेत, पण मराठी काय शुद्ध शिकवतात.’ त्या ‘पण’मध्ये काय होतं ते मला फार उशिरा कळलं. त्या वयात मला एवढंच कळत होतं की तुम्ही माझ्या वहीवर लाल शाईनं ‘छान’ लिहिता आणि ते इतर कुणाच्या वहीवर सहसा नसतं.

शनिवारी सकाळची शाळा असायची आणि सुटायच्या आधीचा तास तुम्ही गोष्टीला ठेवायचात. राजाची, कोल्ह्याची, एखाद्या संताची, आणि महिन्या-दोन महिन्यांतून एखादी येशूनं सांगितलेली. ती सांगताना तुमचा आवाज वेगळा होत नसे. जशी कोल्ह्याची तशीच ती. आणि कुठल्याच गोष्टीचं तात्पर्य तुम्ही फळ्यावर लिहीत नव्हतात. आम्ही वह्या उघडून वाट बघत बसायचो आणि तुम्ही म्हणायचात, ‘झाली गोष्ट. चला, दप्तरं भरा.’ मला ते आवडायचं नाही. मला तात्पर्य हवं असायचं, कारण तात्पर्य पाठ करता येतं.

पेरणाऱ्याची गोष्ट तुम्ही सांगितली ती मार्चमधल्या एका शनिवारी. आजूबाजूच्या शेतांत राब भाजायला घेतले होते. भाताची रोपं करायची त्या तुकड्यावर पालापाचोळा आणि शेण पसरून पेटवतात, त्याचा धूर वर्गात शिरून डोळे चुरचुरत होते. एक माणूस बी पेरायला निघाला. काही बी वाटेवर पडलं, ते पाखरांनी टिपलं. काही खडकाळीत पडलं, भरभर उगवलं आणि उन्हानं करपलं. काही काट्यांत पडलं, काट्यांनी त्याला दाबून टाकलं. काही चांगल्या जमिनीत पडलं आणि त्याला तीसपट, साठपट, शंभरपट पीक आलं. एवढं सांगून तुम्ही थांबलात. त्यानंतरचं मला वर्षानुवर्षं असं आठवत होतं, की मागच्या बाकावरून कुणीतरी काहीतरी वेडगळ विचारलं, वर्ग हसला, तुम्ही गंभीर झालात आणि मागे बघून म्हणालात, खडकावर काहीच उगवत नाही. मला हे इतकं स्वच्छ आठवत होतं की त्या वाक्यात तुमचा आवाजसुद्धा होता.

मग मी पुण्याला गेलो, इतिहासात एम. ए. केलं आणि महाडच्या कॉलेजात लागलो. तोवर तुम्ही निवृत्त होऊन महाडलाच राहायला आला होतात, आईंना डॉक्टर जवळ हवा म्हणून. एका रविवारी मी तुम्हाला भेटायला येतो. तुम्ही मला स्वयंपाकघरातच बसवता. स्टोव्ह फुरफुरतोय, तुम्ही बाजरीची भाकरी थापताय. पीठ तुमच्या गावाकडून आलंय, आमच्याकडे सगळी तांदळाची भाकरी खाणारी माणसं. शेंगदाण्याची चटणी ताटात वाढलेली आहे. पलीकडच्या खोलीत कॉटवर तुमच्या आई आहेत. त्यांना आता दिसत नाही, ऐकू मात्र सगळं येतं. रोज संध्याकाळी तुम्ही त्यांना शुभवर्तमानातलं एक पान वाचून दाखवता, हे तुम्हीच मला मघाशी सांगितलंय. आणि मी पुण्याहून नवंनवं वाचून आलेला मुलगा, पहिला घास खाऊन म्हणतो, “बाई, ती पेरणाऱ्याची गोष्ट खरंच येशूनं सांगितली असं तुम्ही मानता?”

“का रे?”

“कारण त्यातला एक शब्दही त्याचा नाही.”

तुम्ही भाकरी उलटता. मी थांबत नाही. तो अरामी बोलायचा आणि लिहिलंय ग्रीकमध्ये. लिहिणारे तिथे हजर होते याला पुरावा नाही. शुभवर्तमानं लिहिणाऱ्या चौघांपैकी तिघांकडे ही गोष्ट आहे आणि तिघांची तीन तऱ्हांनी. एकाकडे तीस, साठ, शंभर. दुसऱ्याकडे तेच उलटं. तिसऱ्याकडे नुसतंच शंभरपट. दोघं म्हणतात मातीला खोली नव्हती म्हणून ते करपलं, तिसरा म्हणतो ओल नव्हती म्हणून. आणि पुढे शिष्यांना तो अर्थ समजावून सांगतो ना, वाट म्हणजे अमुक माणसं, खडक म्हणजे तमुक माणसं, तो भाग तर पुष्कळ अभ्यासक मागाहून जोडलेला मानतात. “तो गेल्यावर सुमारे चाळीस वर्षांनी पहिल्यानं लिहिलं, बाई. चाळीस वर्षांनी कुणाला कुणाचे शब्द आठवतात?”

“हळू बोल,” तुम्ही म्हणता. “आई ऐकतेय.”

यावर मी काय म्हणालो ते मला नक्की आठवतं, कारण ते आठवू नये असं मला फार वाटतं. मी म्हणालो, “खरं आहे ते हळू कशाला बोलायचं?” आणि आवाज थोडा चढवलाच.

आतून आईंनी विचारलं, “कोण आलंय गं?”

“माझा विद्यार्थी आहे, आई.”

“काय म्हणतोय तो? ते शब्द त्याचे नाहीत म्हणतोय?”

तुम्ही स्टोव्ह बारीक केलात, हाताचं पीठ झटकलंत आणि आत गेलात. बराच वेळ तुमचा हलका आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. तेवढ्या वेळात मी तव्यावरची भाकरी काढून घेतली आणि जेवलो. तुम्ही परत आलात तेव्हा मी विचारलं, आईंना काय सांगितलंत. “सांगितलं, मुलगा फार शिकून आलाय, थकलाय,” एवढं म्हणून तुम्ही खाली बसलात. मग म्हणालात, “तू म्हणतोस ते मला नवीन नाही. शब्द जसेच्या तसे राहत नाहीत. मी वर्गात बोलले ते तरी तुला जसंच्या तसं आठवतंय का?” मी म्हणालो, आठवतंय. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि पुढे काही विचारलं नाहीत. बाई, तेव्हा तुम्ही विचारायला हवं होतं, काय आठवतंय ते सांग म्हणून. मी ते वाक्य तिथेच म्हणून दाखवलं असतं, आणि तुम्ही तिथेच मला दुरुस्त केलं असतं. पण हा दोष मी आता तुमच्यावर ढकलतोय.

निघताना तुम्ही तुमचा बायबलातला नवा करार माझ्या हातात दिलात. काळं रेक्झिन घातलेला, पाठीला दोऱ्यानं शिवलेला. म्हणालात, “घेऊन जा. वाद घालायचा तर नीट वाचून घाल.” मी तो घरी नेऊन पुस्तकांच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला. मला वाटलं, बाईंना उत्तर देता आलं नाही म्हणून त्यांनी पुस्तक दिलं. त्या पावसाळ्यात तुमच्या आई गेल्या. मला कळलं होतं, मी आलो नाही. पुढे तुम्ही नगरला भाच्याकडे गेलात आणि काही वर्षांनी तिकडेच वारलात. भाच्यानं फोन केला तेव्हा कॉलेजात परीक्षा चालू होत्या, हे कारण मी त्याला दिलं आणि स्वतःलाही.

शाळेला पन्नास वर्षं झाली तेव्हा स्मरणिका काढायचं ठरलं. मुख्याध्यापकांनी मला फोन केला, ‘बाईंवर तुम्हीच लिहा सर, तुम्ही त्यांचे लाडके.’ मी एका दुपारी बसून चार पानं लिहिली. राबाचा धूर लिहिला, शनिवारचा तास लिहिला, पेरणाऱ्याची गोष्ट लिहिली आणि शेवटी ते वाक्य तुमच्या तोंडी घातलं. तेही जसं आठवत होतं तसं नाही. नुसतं ‘खडकावर काहीच उगवत नाही’ हे जरा तुटक वाटलं, म्हणून आधी ‘पेरणाऱ्याचा दोष नसतो’ हे मी जोडलं. वाक्य गोळीबंद झालं. त्या शनिवारनंतर तोवर चाळीस वर्षं उलटून गेली होती, पण हा आकडा मी पूर्वी कुठे आणि कुणाला ऐकवला होता, हे लिहिताना माझ्या डोक्यात आलं नाही. लेख सगळ्यांना आवडला. मुख्याध्यापकांना इतका आवडला की त्यांनी ते वाक्य भिंतीवर रंगवून घेतलं. मीही एकदा मुद्दाम जाऊन पाहून आलो. फोटो काढला.

गेल्याच्या गेल्या डिसेंबरात मी कॉलेजची मुलं रायगडला नेली होती. उतरल्यावर सगळ्यांना भूक लागली होती, म्हणून हिरकणीवाडीत एका झोपडीवजा खानावळीत शिरलो. पिठलं, भाकरी, ताक. मुलं बाहेर बाकड्यांवर बसली, मी आत चुलीजवळच्या खुर्चीवर. चुलीपुढची बाई माझ्याच वयाची, भाकरी थापता थापता दोन-तीनदा माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, “सर, तुमी पोलादपूरचं ना? कचेरीतल्या भाऊंचं?”

मला ओळखायला वेळ लागला. कापडे गावाहून चालत शाळेत यायची ती. मागच्या बाकावर बसायची, तिच्या परकराला नेहमी चिखलाचे किंवा धुळीचे काठ असायचे. नववीनंतर तिची शाळा सुटली, लग्न होऊन ती या वाडीत आली. मला आनंद झाला. मी विचारपूस करू लागलो. ती मात्र हसली नाही. म्हणाली, “बाईंचं तुमीच लिवलंत ना, शालंच्या पुस्तकात?”

मी खुश होऊन म्हणालो, हो, तू वाचलंस का?

“नातीनं वाचून दाखवलं. भितीवर पन हाय ना तेच.”

मग तिनं सांगितलं. तिची लेक पोलादपूरला दिलेली, त्या लेकीची मुलगी आपल्याच शाळेत नववीत होती. गणितात सारखी मागे पडायची. मुख्याध्यापकांनी आईला बोलावून सांगितलं, हिला शाळेतून काढा आणि दहावीला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा. बाहेरून बसली की नापास झाली तरी शाळेच्या निकालाला धक्का लागत नाही, म्हणून हल्ली कच्च्या मुलांना असं सुचवतात, हे मला माहीत होतं. लेकीनं हातापाया पडून सांगितलं, शिकवणी लावते, एक वर्ष द्या. तेव्हा मुख्याध्यापक तिला कार्यालयाबाहेर घेऊन आले आणि भिंतीकडे बोट दाखवून म्हणाले, “हे आमचं नाही, जुन्या बाईंचं आहे. त्यांनी आयुष्यभर मुलं शिकवली. त्यांना कळत नव्हतं का?” मुलगी तिथेच उभी होती. दुसऱ्या दिवशी तिनं दप्तर उचललं नाही. चार महिने झाले, ती इथे आजीकडे येऊन राहिली होती.

मी म्हणालो, “फार वाईट झालं. पण बाईंच्या बोलण्याचा अर्थ तसा नव्हता.”

“बाई तसं बोलल्याच नाय.”

“अगं, मी वर्गात होतो.”

“मी पन होते की.” तिनं तव्यावरची भाकरी काढून चुलीला टेकवली आणि हात पुसले. “मीच तर इचारलं हुतं. बाई, तो येडा हाय काय, वाटंवर बी टाकतोय? समदी हसली. बाई नाय हसल्या. बोलल्या, बरोबर इचारलंस. आनि मग तू उभा राह्यलास.” इथे ती ‘तुमी’वरून ‘तू’वर आली, आणि तिला ते जाणवलंही नसेल. “तू बोललास, बाई, खडक म्हणजे मागच्या बाकावरची मुलं ना? खडकावर काहीच उगवत नाही. आनि माज्याकडं बघितलंस.”

बाहेर मुलं ताक मागत होती. ती उठली, दोन तांबे भरून देऊन आली आणि परत बसली. मी विचारलं, “मग बाई काय म्हणाल्या?”

“तुला खाली बसवला. बोलल्या, तो बघून टाकत नाय. समद्यांवर टाकतो. खडक दिसला म्हनून हात आखडत नाय.”

बाई, ते मला तिथल्या तिथे आठवलं, की तिनं सांगितल्यावर माझ्या मनानं चित्र रचलं, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत साक्षीपुराव्याबद्दल मुलांना जे शिकवलं, त्यातलं काही त्या घटकेला कामी आलं नाही. पण खाली बसताना माझे कान गरम झाले होते, ते कान मला आठवले. तुम्ही मला त्याआधी आणि त्यानंतर वर्गात कधी असं बसवलं नव्हतंत. शिक्षा म्हणून नाही, आवाजही चढवला नव्हतात, नुसतं ‘बस तू’ म्हणालात. ते मी कुठेतरी पुरून टाकलं असणार. पुरताना माझं वाक्य बाहेर राहिलं असणार, आणि बेवारस वाक्य नको म्हणून ते मी तुम्हाला देऊन टाकलं असणार.

मी तिला विचारलं, इतक्या वर्षांमागचे शब्द तुला कसे आठवतात. ती म्हणाली, “माज्याकडं बाईंचं तेवढंच हुतं. तुज्याकडं लय हुतं.”

तेवढ्यात तिची नात आतल्या खोलीतून बाहेर आली. पंधरा वर्षांची, उंच, केस घट्ट बांधलेली. आजी तिला म्हणाली, हे सर बाईंचे विद्यार्थी. पुस्तकात लिहिणारे हेच, असं ती म्हणाली नाही. मुलीनं मान हलवली आणि आजीजवळ जाऊन बसली. मी म्हणालो, तिचा अभ्यास मी घेईन, रविवारी येत जाईन. आजी म्हणाली, “तिला इतिहास येतो. गनित जड जातंय.” मला तेही शिकवता आलं नसतं.

घरी आल्यावर मी स्टूल घेऊन वरच्या फळीवरचं तुमचं पुस्तक काढलं. तीस वर्षांत पहिल्यांदा उघडलं. तिन्ही ठिकाणी पेरणाऱ्याच्या गोष्टीपाशी तुमची पेन्सिल होती. तीस, साठ, शंभर यांखाली रेघा, उलट्या क्रमाखाली रेघ, नुसत्या शंभराखाली रेघ. ‘खोली’ आणि ‘ओल’ या दोन शब्दांभोवती गोल. जे मी तुमच्या स्वयंपाकघरात शोध लावल्यासारखं ऐकवलं होतं ते सगळं तिथे तुमच्या बारीक अक्षरात आधीच होतं. आणि जिथून अर्थ सांगणं सुरू होतं, वाट म्हणजे कोण, खडक म्हणजे कोण, तिथे समासात तुम्ही लिहिलं होतं, ‘हे त्याचे शब्द की ऐकणाऱ्यांचे?’ त्याखाली आणखी एक ओळ होती. ‘आईला वाचताना इथे थांबावे.’ तुम्ही वर्गातही तिथेच थांबला होतात. पुढचं मी उठून बोललो.

त्या रात्री नाही, पण पुढच्या काही दिवसांत मी ते तिन्ही भाग नीट वाचले. तुम्ही सांगितलं होतंत तसे, वाद घालण्याआधी वाचावेत तसे, फक्त तीस वर्षं उशिरा. येशूचे शब्द त्यात जसेच्या तसे आहेत का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर आजही नाही असंच येईल. ते बदललं नाही. पण मी एक गोष्ट पूर्वी पाहिली नव्हती. त्या लिहिणाऱ्यांपैकी एकानं हेही लिहून ठेवलंय की शिष्यांना गोष्ट कळली नाही, आणि गुरूनं त्यांना विचारलं, तुम्हाला एवढंही समजत नाही का, मग बाकीचं कसं समजणार. ज्यांना पुढे सगळे मान देणार होते, त्यांची ती फजिती त्यानं गाळली नाही. मी वर्गात मुलांना हेच शिकवत आलोय, की सांगणाऱ्याला किंवा त्याच्या माणसांना कमीपणा आणणारी गोष्ट कागदावर उरली असेल तर ती बहुधा खरी असते. आणि मी स्वतः लिहायला बसलो तेव्हा माझी फजिती तेवढी गाळली. तुमचे शब्द गाळले. जी उरली ती माझी ओळ, आणि तिच्याखाली तुमचं नाव. मी ज्यांना खोटं ठरवायला निघालो होतो ते माझ्यापेक्षा बरे साक्षीदार होते, आणि कापड्याची ती मुलगी त्यांच्याहून बरी.

जानेवारीत मी पोलादपूरला गेलो आणि मुख्याध्यापकांना भेटलो. वाक्य चुकीचं आहे, ते बाईंचं नाही, काढून टाका, असं सांगितलं. माणूस सभ्य आहे. आठवड्याभरात त्यांनी त्यावर पांढरा हात मारून घेतला आणि मला फोन केला, ‘सर, बाईंचं नाव आहे तिथे वर जागा मोकळी दिसते, त्यांचं बरोबर वाक्य असेल तर द्या, रंगवून घेतो.’ मी हिरकणीवाडीला फोन लावला. म्हटलं, बाई काय म्हणाल्या होत्या ते पुन्हा एकदा सांग, मी लिहून घेतो.

ती म्हणाली, “बोलल्या, तो बघून नाय टाकत. खडकावर पन पडू दे, पाऊस येल कदी.”

“त्या दिवशी तू पावसाचं काही सांगितलं नव्हतंस.”

“नव्हतं? मंग आता सांगते.”

मी हात आखडण्याचं विचारलं. ती म्हणाली, तेपण बोलल्या होत्या. मी दोन्ही लिहून घेतली. आठ दिवस कागद समोर ठेवला. तिच्या दोन वेळच्या सांगण्यात शब्दांचा मेळ नव्हता आणि तरी ती दोन्ही वेळा तुमच्याबद्दलच बोलत होती, यात मला शंका नव्हती. पण भिंतीवर लावायला मी तिची ओळही दिली नाही. माझ्या हातानं तुमच्या नावावर पुन्हा काही जावं, हे मला झेपेना. ती जागा अजून पांढरी आहे.

मुलीनं पुढच्या वर्षी सतरा नंबरचाच फॉर्म भरला. गणिताला वाडीतल्याच एका पोरीची शिकवणी लावली होती, तिचं इंजिनिअरिंग चालू आहे. यंदा पास झाली, फार गुण नाहीत, गणितात काठावर. आता महाडला आयटीआयत येते. एकदा एसटी स्टँडवर समोरासमोर आलो. मी हाक मारणार होतो, तिनं तोंड गाडीच्या पाटीकडे वळवलं आणि गाडी लागेपर्यंत तशीच उभी राहिली. ते वाक्य कोणाचं, हे तिला आजीनं नंतर सांगितलं असावं. ते तिनं सांगायलाच हवं होतं.

तुमच्या भाच्याचा पत्ता माझ्याकडे आहे. स्मरणिकेची प्रत त्याला मीच पाठवली होती, आणि आत्याचं वाक्य वाचून त्याला बरं वाटल्याचं पोस्टकार्डही आलं होतं. त्याला तरी हे कळायला हवं. हे पत्र तुमच्या नावानं लिहिलं असलं तरी त्याच्या पत्त्यावर टाकता येईल, असं लिहायला घेताना मनात होतं. आता टाकणार नाही. कारण मग त्याला हेही वाचावं लागेल की मुख्याध्यापकांनी जेव्हा विचारलं, ‘पण सर, ते तर तुमच्याच लेखात आहे, बाईंचं नाही तर कोणाचं?’, तेव्हा मी खुर्चीत सावरून बसलो आणि म्हणालो, छपाईत घोळ झाला. छापणाऱ्यांनी दोन वेळा प्रूफं माझ्या घरी आणून दिली होती, दोन्हींवर माझी सही आहे. शाळेची कामं आता त्यांच्याकडे जात नाहीत.